दाताच्या दवाखान्यातलं कोपर

माझ्या आत्याचे दात आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहेत. बाटलीचं बूच, सुतळीची गाठ, अक्रोड, जे जे कोणाच्या हाताला दाद देत नाही ते शेवटी आत्याच्या तोंडात जातं आणि मुकाट्याने सुटून बाहेर येतं. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कवळीचं माप द्यायला गेले तेव्हा सोबत म्हणून तीच गेली, आणि वाटेत त्यांच्या शेजारी बसून तिने एक अख्खं कणीस खाल्लं. अशा बाईने त्यानंतर दर आठवड्याला त्याच डॉक्टरकडे खेटे घालायला सुरुवात केली, तर घरच्यांनी काय समजायचं? आम्ही ते वयावर ढकललं. वयाचं हे एक बरं असतं, त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी मोटार शिकवण्याची शाळा आहे आणि गाडी दिवसभर रस्त्यावरच असते. शिकणारा गाडी चालवतो, मी शेजारी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसतो आणि मागे आत्या. दवाखान्याचा रस्ता चढाचा, म्हणून चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायचा धडा मी तिथेच ठेवून टाकला. आत्या जन्मात सायकलवरही बसलेली नाही, पण मागून सूचना चालू असतात: "क्लच हळू सोड गं. घाई कुणाला आहे?" माझे दोन विद्यार्थी तिच्यामुळे पास झाले असं तिचं म्हणणं आहे.

नोकरीत असताना आत्या बस आगारातल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खोलीत बसायची. जाळीच्या खिडकीमागे ती आणि तिच्यामागे छत्र्या, डबे, पिशव्या, एकेकटे बूट आणि एक गिटार, जिचा मालक कधी आलाच नाही. लोक धापा टाकत यायचे. "माझी छत्री राहिली बसमध्ये." "कशी होती?" "काळी." "काळ्या छत्र्या इथे मांडव घालता येईल इतक्या आहेत. खूण सांगा." खूण म्हणजे मालकालाच ठाऊक असेल अशी गोष्ट: कुठली काडी वाकडी, मुठीवर कुणाच्या दातांचे वण. ती सांगता आली नाही तर वस्तू मिळायची नाही. माझे वडील एकदा स्वतःची बॅग सोडवायला गेले. "अगं ताई, मी आहे." "तू आहेस ते दिसतंय मला. बॅग तुझी कशावरून?" शेवटी माझी आई गेली, आतल्या कप्प्याची चेन कुठे अडकते ते तिने सांगितलं, तेव्हा बॅग सुटली. वडील ते अजून विसरलेले नाहीत.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच, शांत माणूस आणि फोटोचा वैरी. चिडत-बिडत नसत, फक्त सापडत नसत. घरातल्या प्रत्येक फोटोत कडेला एक मोकळी जागा आहे, तिथे आतोबा होते. बटण दाबायच्या नेमक्या क्षणी ते बुटाची नाडी बांधायला वाकत, शिंकत, किंवा नळ चालू राहिला वाटतं म्हणून उठून जात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची पाठ आहे, तीही निम्मी, कारण उरलेली निम्मी माझ्या साडूने झाकली आहे. नोकरीच्या ओळखपत्रावर एक फोटो होता, डोळे मिटलेला. निवृत्त होताना ते ओळखपत्र परत घेतलं गेलं.

तीन वर्षांपूर्वी आतोबा गेले तेव्हा घरात लावायला त्यांचा एकही फोटो निघाला नाही. आत्या रडणारी बाई नाही. पण एकदा गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाली, "अरे, ह्यांचं नाक आठवतं, आवाज आठवतो, पण सगळा माणूस एकदम डोळ्यांपुढे येईनासा झालाय. तुकडे येतात." मी पेट्रोल भरायला उतरलो. टाकी भरलेलीच होती.

तर वडिलांच्या कवळीचं माप देऊन दोघं परत आली त्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात उभ्याने पाणी पिऊन म्हणाली, "आज हे भेटले."

माझ्या बायकोच्या हातातलं पातेलं निसटलं. मी विचारलं, "कुठे?"

"दाताच्या दवाखान्यात. भिंतीवर आहेत."

पुढच्या आठवड्यात मी आत जाऊन बघितलं. डॉक्टरने नुकताच दवाखाना नव्याने सजवून घेतला होता. पूर्वी तिथे किडलेल्या दाढेचं रंगीत चित्र होतं, ते बघून माणूस निमूट बसायचा. आता सजावटवाल्या बाईंच्या सल्ल्याने मोहरीच्या रंगाच्या खुर्च्या आल्या होत्या आणि समोरची भिंत भरून, काळ्या चौकटीत, काचेमागे एक भलंमोठं छायाचित्र. त्यात पट्टे होते. पांढरे पट्टे, काळे पट्टे, मधूनमधून करडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की छपाई बिघडली. प्रत्यक्षात तो एका लांबलचक इमारतीच्या गॅलऱ्यांचा फोटो होता, पण असा काढलेला की त्यात आकाश नाही, जमीन नाही, इमारतीचं टोक नाही. शिवाय तो आडवा करून टांगलेला. इमारत इमारतीसारखी उभी राहिली तर ती कला होत नाही म्हणे. खाली छोटं कार्ड होतं: "मानवरहित – ९".

"मानवरहित काय," आत्या म्हणाली, "डोळे फुटलेत का ह्यांचे? ही आमची जुनी बिल्डिंग. मान वाकडी कर."

ती स्वतः डावा कान खांद्याला टेकवून बसली होती. समोरच्या खुर्च्यांवर सुजलेले गाल घेऊन लोक बसले होते आणि चित्र सोडून आमच्याकडे बघत होते.

"आत्या, लोक बघतायत."

"लोक दात दाखवायला आलेत. मान वाकडी कर."

मी केली नाही. माणसाने चार लोकांत मान सरळ ठेवावी असं माझं मत आहे. सरळ मानेने मला एवढंच दिसलं की एका पांढऱ्या पट्ट्यातून काहीतरी करडं, बोटभर, वाकून बाहेर आलंय आणि त्याला चिकटून एक चौकोनी डाग आहे.

"पाइप आहे," मी म्हटलं.

"कोपर आहे. ह्यांचं. डावं." तिने आवाज चढवला नाही. "ऊन असलं की कठडा तापायचा, म्हणून हे टॉवेलची घडी ठेवायचे आणि वर कोपर टेकून उभे राहायचे. संध्याकाळपर्यंत. घडी दिसतेय का खालची?"

"चुन्याचा डाग आहे."

"माझ्या टॉवेलला चुना म्हणतोस?"

बिल्डिंगपुढे जाऊन ताडून बघावं, तर तिथल्या सगळ्या गॅलऱ्यांना आता सरकत्या काचा बसल्यात. पुरावा म्हणून उरलं होतं ते हे चित्रच. आत्याचं म्हणणं साधं होतं. समोरून कोणी फोटो काढायला आलं असतं तर हे नक्की आत गेले असते. लांबून, रस्त्यापलीकडून कोणी काढला, ह्यांना कळलंच नाही, म्हणून एवढे तरी सापडले. जगात ह्यांचा तेवढाच फोटो आहे आणि तो दाताच्या दवाखान्यात आहे, तर मी दाताच्या दवाखान्यात जाणार. यात वयाचा काय संबंध, असं तिने मला विचारलं.

पण दवाखान्यात बसायचं तर दुखायला हवं. आत्या आधी म्हणाली, थंड लागतं. डॉक्टरने तपासलं, काही नाही. मग म्हणाली, गरम लागतं. तेही निघालं नाही. मग ती म्हणाली, कोमट सोसत नाही. डॉक्टर भला माणूस, त्याने पुस्तक काढून कोमटाचं काही सापडतं का ते बघितलं. एका आठवड्यात वरची दाढ दुखायची, पुढच्या आठवड्यात ती विसरून खालच्या दाढेवर बोट ठेवायची. डॉक्टर म्हणायचा, दुखणं फिरतं दिसतंय. आणि आत नंबर लागेपर्यंत ही तासन् तास मान वाकडी करून बाहेर बसलेली. नंबर आला की ती शेजारच्याला म्हणायची, तुम्ही जा आधी, तुमचं जास्त दिसतंय.

स्वागताच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं बाईंची मान धरली आहे. तिने मानेच्या डॉक्टरचं कार्ड दिलं. मग हळूहळू बाकीचे लोकही माना वाकड्या करून चित्राकडे बघू लागले. आपल्याला कळत नाही असं वाटायला नको, हे प्रत्येकाच्या मनात. सुजलेल्या गालाचे एक गृहस्थ म्हणाले की असं बघितलं की ठणका कमी होतो. एकदा मी दार उघडून आत गेलो तर ओळीने सहा माणसं डावीकडे कलून बसलेली होती, आणि मला क्षणभर वाटलं की दवाखानाच कलला आहे. मी या सगळ्या प्रकाराला कोपरापासून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसलो.

मग अक्कलदाढेचं झालं. डॉक्टर सहज म्हणून गेला, की ही एक जरा तिरकी आहे, त्रास नसेल तर राहू द्या. काढली तर उगाच टाके, मग टाके काढणं, मग तपासणी, तीन-चार वेळा यावं लागेल.

"काढा," आत्या म्हणाली.

मी आलो तेव्हा काम झालं होतं. तोंडात कापसाचा बोळा, गाल फुगलेला, मान वाकडी, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी अजून कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. मला राग आला. खराखुरा राग, शिकाऊ माणसाने भरधाव गाडीत हँडब्रेक ओढल्यावर येतो तसा. ज्या तोंडाने अक्रोड फोडले त्यातली चांगली दाढ एका पाइपासाठी गेली होती. मी घरापर्यंत तिच्याशी बोललो नाही. तिला बोलताच येत नव्हतं, त्यामुळे माझा अबोला वाया गेला.

डॉक्टरलाही ती दाढ टोचत होती. काढल्यावर त्याने मूळ बघितलं, तर मूळ ठणठणीत. टाके काढायच्या दिवशी त्याने आम्हा दोघांना समोर बसवलं. "काकू, तुमच्या तोंडाला काही झालेलं नाही. आता खरं सांगा, तुम्ही कशाला येता?"

आत्याने खरं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिला आणि शेवटी, काही बोलायचं म्हणून, "पण ते त्यांचंच कशावरून?" असं विचारून बसला.

हा प्रश्न माझ्या आत्याला कोणी विचारू नये. ती ताठ बसली. खूण क्रमांक एक: तरुणपणी लिफ्टच्या दारात सापडून ह्यांचं डावं कोपर दुखावलं होतं, ते पुरतं मिटत नसे, बाहेरच्या अंगाला राहायचं, चित्रात तसंच आहे. दुसरी: टॉवेलची घडी हे नेहमी तिरकी ठेवायचे, सरळ ठेवली की सरकते म्हणायचे. तिसरी: वजन. "सगळं वजन कोपरावर टाकून उभं राहायची सवय होती. सांगून सांगून थकले मी."

डॉक्टर उठला, बाहेर गेला, चित्रासमोर उभा राहून त्याने मान वाकडी केली. पुरेशी वाकेना. तेव्हा त्याने तीन मोहरी खुर्च्या जोडल्या आणि पांढऱ्या कोटासकट त्यांच्यावर आडवा झाला. बाहेर बसलेल्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरसाठी पाय आवरून घेतले. एक बाई हळूच निघून गेल्या. बऱ्याच वेळाने तो उठून म्हणाला, "आहे बुवा."

मला काही पटलं नाही. दाढ उपटल्याचं त्याच्या मनाला लागलं होतं, त्या दिवशी त्याला चित्रात हत्तीही दिसला असता.

चित्र देणं त्याच्या हातात नव्हतं. सजावटवाल्या बाईंनी ते आणलं तेव्हा छायाचित्रकाराच्या अटी सोबत आल्या होत्या: चित्र विकायचं नाही, हलवायचं नाही, सरळ करायचं नाही. "पण मी त्यांना विचारून बघतो," डॉक्टर म्हणाला, "तुमच्यापुरती लहानशी प्रत मिळते का ते. कोपराचंही सांगतो त्यांना. आनंदच होईल त्यांना." असा त्याने आत्याच्या कोपराला गूळ लावला, अगदी चांगल्या मनाने. आत्या त्या आठवड्यात घरी गुणगुणत होती.

छायाचित्रकाराने उत्तर पाठवलं नाही. तो स्वतःच आला.

आम्ही पोचलो तेव्हा तो शिडीवर होता. किडकिडीत, पायापासून गळ्यापर्यंत काळे कपडे, हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. खाली डॉक्टर रुग्ण सोडून शिडी धरून उभा. छायाचित्रकाराचा चेहरा असा झाला होता की त्याला बसायला खुर्ची द्यावी.

"कोपर कोणी बघितलं?" त्याने विचारलं.

"मी," आत्या आनंदाने पुढे झाली. "आमच्या ह्यांचं आहे."

तो खाली उतरला आणि खरोखरच खुर्चीत बसला. "मी नऊ वर्षं माणूस टाळतोय," तो म्हणाला. एकेका इमारतीसमोर तो दिवसचे दिवस उभा राहायचा, सगळे आत जाईपर्यंत. तरी कोणी राहिलंच तर नंतर संगणकावर पुसायचा. वाळत घातलेले कपडे पुसले होते, कुंड्या पुसल्या होत्या, एक पोपट पुसला होता. त्याच्या सगळ्या कामाचा अर्थच हा होता की त्यात कोणी नाही. "आणि आता तुम्ही म्हणता, क्रमांक नऊमध्ये कोपर आहे."

"एवढंसं तर आहे," आत्या म्हणाली.

"माणूस एवढासा नसतो, बाई. असतो किंवा नसतो." त्याने मोजे नीट ओढले. "मी हे घेऊन जातो. डॉक्टरांना दुसरं देईन, स्वच्छ केलेलं."

"आणि हे?"

"फाडणार. मूळ फाइलमधूनही काढणार. सगळीकडून."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी आत्याची गत झाली. तिने पर्स छातीशी धरली. "मला द्या ते. तुम्हाला नकोय ना?"

"मी माझी चूक कोणाला देत नाही."

"मग नुसतं तेवढंच कापून द्या. बोटभर. बाकीचं फाडा."

"बोटभर दिलं तर बोटभर पुरावा राहिला." तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याच्या आयुष्याची वीट खालून निसटत होती आणि ती वीट म्हणजे माझे आतोबा होते. त्याने शिडी पुन्हा भिंतीला लावली.

आत्या शिडीजवळ गेली. मग तिने विचारलं, "आणि पाइप असेल तर?"

तो थांबला. "पाइप असेल तर प्रश्नच नाही. पाइप म्हणजे इमारत. पाइप राहील."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. चित्रासमोर गेली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मान सरळ ठेवून बघत राहिली.

"पाइप आहे," ती म्हणाली.

डॉक्टरला खोकला आला. छायाचित्रकार एक पायरी उतरला. "तुम्हीच तर म्हणालात, कोपर."

"म्हातारीचे डोळे. इथे बसून बसून काहीही दिसायला लागतं."

"खाली टॉवेल आहे असं डॉक्टरांनी लिहिलं होतं."

"चुन्याचा डाग असेल. त्या बिल्डिंगला चुना बरोबर लावलेला नव्हता."

"तुमचे यजमान असे उभे राहत नसत?"

"आमचे हे?" आत्याने पदर सारखा केला. "नाही हो. ह्यांना गॅलरीत उभं राहिलेलं मी कधी बघितलं नाही. ऊन सोसत नसे ह्यांना. घरातच असायचे."

एकेक वाक्य ती जाळीच्या खिडकीतून वस्तू परत सारावी तसं सारत होती, आणि प्रत्येक वस्तू तिची होती. छायाचित्रकाराला बरं वाटायला लागलं होतं, पण पुरतं नाही. त्याने खोलीत नजर फिरवली. रुग्ण सगळे खाली बघत होते. नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही यांच्यासोबत येता ना? तुम्हाला काय दिसतं? खरं सांगा."

मला सोपं होतं. मी इतके महिने सांगत आलो होतो तेच सांगायचं होतं. पण खरं सांगा म्हटल्यावर एकदा नीट बघावं म्हणून मी पुढे गेलो, आणि चार लोकांत मान वाकडी केली.

पट्टे उभे राहिले. पांढऱ्या पट्ट्याचा कठडा झाला, काळ्या पट्ट्याची गॅलरीतली सावली झाली, आणि त्या सावलीत एक उंच माणूस उभा होता. तो दिसत नव्हता, पण होता, कारण त्याचं वजन बाहेर उन्हात एका कोपरावर आलं होतं. पाइप कशावर टेकत नाही. मी पहिल्यांदा गाडी शिकलो तेव्हा याच गॅलरीखाली लावायचो. आतोबांच्या हातात कप असायचा, म्हणून ते कोपरानेच खुणा करायचे. कोपर बाहेर आलं की अजून मागे घे, आत गेलं की थांब. मी गाडी लावायला त्या कोपराकडे बघून शिकलो आहे. आणि मी त्याला पाइप म्हणत होतो.

मागे आत्याचा श्वास ऐकू येत होता.

"पाइप," मी म्हटलं. "चांगला जाड पाइप आहे. मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय."

छायाचित्रकाराने मोजे काढले. त्याने आत्याचा हात हातात घेतला आणि तिचे आभार मानले, मनापासून. मग डॉक्टरचे मानले, मग माझे. मानवरहित नऊ आहे तिथेच, आहे तसं राहील, असं म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. इतका हलका होऊन कोणी दाताच्या दवाखान्यातून गेलेलं मी बघितलं नव्हतं.

डॉक्टर आत गेला आणि रुग्ण नसताना त्याने मशीन सुरू केलं. आत्या आपल्या खुर्चीत बसली. मी तिच्या शेजारी बसलो.

"आत्या, मला दिसलं."

"काय?"

"कोपर."

ती माझ्याकडे वळली. "आता? इतके दिवस मान मोडली असती का तुझी?" आणि तिला रडू फुटलं. ती हळू रडली, पण थांबेना. "मी म्हटलं, हे गॅलरीत उभेच राहत नसत. सगळ्यांसमोर म्हटलं. ह्यांच्या पुढ्यात उभं राहून म्हटलं रे."

या वेळी मी पेट्रोल भरायला गेलो नाही, एवढंच. मी तिचा हात धरून बसलो, आणि टेबलावरच्या मुलीने उगीचच एक फाइल उघडून तोंडापुढे धरली.

बऱ्याच वेळाने आत्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि ती उठून उभी राहिली. मला वाटलं, निघायचं. तर ती म्हणाली, "ऊठ तिथून. इकडे माझ्या जागी बस. तिकडून काचेवर ट्यूबलाइटची तिरीप येते, घडीची किनार दिसत नाही."

मी तिच्या जागी बसलो. ती माझ्या शेजारी बसली.

"दिसली?" तिने विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. ती खरोखरच दिसत होती.